माझी हरकत आहे, बस्त्याव

बस्त्याव, नीलेशने तुझ्यावर लिहिलेलं तू वाचलं असतंस, तर पुन्हा एकदा मेला असतास.

तुला मातीत ठेवून आम्ही तुझ्या वटार गावाहून आपापल्या घरी पोहोचतोय न पोहोचतोय, तोच त्याने आपल्या ग्रुपवर टाकलं. "दादांना आतून कळलं होतं. शरीर जे सांगत होतं ते त्यांनी ऐकलं, म्हणून हा अल्बम त्यांना आमच्या आधी समजला. आज आम्हालाही समजला. सॉरी दादा." खाली हात जोडलेले, मेणबत्त्या, रडक्या तोंडांची रांग. ग्रुपला आपण गिरणीच्या पट्ट्याचं चित्र लावलं होतं ना, ते काढून तिथे तुझा फोटो. फोटो तरी कुठला निवडावा? तुझ्या भाचीच्या लग्नातला, कोटातला. त्या कोटात तुला श्वास घेता येत नव्हता आणि केक कापायच्या आधीच तू तो काढून फणसाच्या फांदीला टांगला होतास, हे त्या मंडपात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हाच नीलेश ना रे? थंडीत तो अल्बम आला तेव्हा याच ग्रुपवर "दादा, एकदा कान चेक करून घ्या, हे लिफ्टमधलं म्युझिक आहे यार" असं लिहिणारा? तेव्हा त्यावर ज्यांनी फिदीफिदी हसणारी तोंडं टाकली तेच आता मेणबत्त्या टाकतायत. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. म्हैस उभी होती तेव्हा कोणी तिला गवताची काडी घातली नाही.

पण माझं डोकं फिरलं ते त्यामुळे नाही. चेष्टेला तू पुरून उरायचास. माझं डोकं फिरलं ते तुझं मत त्यांनी तुझ्या आजाराच्या नावावर टाकलं म्हणून. म्हणजे तो अल्बम तुला आवडला नव्हताच, तुझ्या पोटातल्या गाठीला आवडला होता. तीस वर्षं कान लावून बसलास ते गेलं कुठे? तुझा हट्ट गेला कुठे? मी साक्षीला आहे, बस्त्याव. तो अल्बम पहिल्यांदा लावला त्या रविवारी तू ठणठणीत होतास. तुझ्या बायकोने, फिलूने, केलेल्या डुकराच्या मटणावर असा तुटून पडला होतास की मला नुसता रस्सा मिळाला. त्या दिवशी तुझ्या आत काय शिजत होतं ते डॉक्टरला माहीत नव्हतं, तुला माहीत नव्हतं, आणि म्हणे आतून कळलं होतं!

आणि अजून एक. मला तो अल्बम आवडलेला नाही. तेव्हाही नव्हता आवडला, आजही नाही. तू गेलास म्हणून तो सुधारलेला नाही. हे मी तुझ्या तोंडावर सांगणार होते, तिसऱ्या रविवारी, उभी राहून. तू थांबला नाहीस.

तुझ्यामाझ्यात ही भांडायची सवय कुठून आली, ते कधीकधी आठवत बसते. माणिकपूरला रेडिओ-टेप दुरुस्तीचं ते चिंचोळं दुकान होतं. मी तेव्हा नुकती लग्न होऊन फुलपाड्याला आलेली. माझा भाऊ बोटीवर होता, त्याने बाहेरून एक कॅसेट आणून दिली होती. कुठल्याशा थंड देशातली दोन माणसं, यंत्रांची बटणं फिरवून संगीत करणारी. शब्द नाहीत, तबला नाही, पेटी नाही. नुसते ठोके आणि घरघर, आणि त्या घरघरीतून हळूच वर येणारी एखादी चाल. आमच्याकडे ती लागली की सासूबाई मिक्सर बिघडला म्हणून स्वयंपाकघरात बघून यायच्या. एक दिवस टेपने ती कॅसेट खाल्ली. मी ती दुकानात दिली, आणि दुरुस्त होऊन आली ती मी घरी नेऊन लावली.

वास आधी आला. कॅसेटच्या डबीला सोनचाफ्याचा वास होता. मग माझी सगळ्यात आवडती चाल सुरू झाली, ती अगदी शिगेला पोहोचली, आणि त्या ठोक्यांच्या मधोमध एक बाई खणखणीत ओरडली, "बस्त्याव, पानी सोड!"

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर तू काउंटरवर हात आपटत उभा. "माझ्या कॅसेटमधे आय आहे! यात आय नाही!" दुकानदार बिचारा कॅसेट उलटसुलट करून बघत होता. मी मागून म्हटलं, "बस्त्याव म्हणजे तूच का? जा, पाणी सोड." तू वळून बघितलंस ते तोंड मी कधी विसरणार नाही.

मग कळलं की दुकानदाराने आपल्या दोघांच्या कॅसेटींची अदलाबदल केली होती. गल्फमधून आलेल्या तुझ्या चुलतभावाच्या टेपसमोर दुसरा टेप धरून तू ती उतरवून घेतली होतीस, आणि तेवढ्यात वाडीतून तुझी आई ओरडली होती. मोगऱ्याच्या वाफ्यांना पाणी सोडायची वेळ झालेली आणि मुलगा घरात घरघर ऐकत बसलेला. तीच "गिरन कोनी चालू केली रे?" असं विचारायची. त्यावरूनच आपण त्या दोघांना गिरणवाले म्हणायला लागलो. त्यांची खरी नावं आपल्याला नीट उच्चारता तरी कुठे येत होती? पुढे वसई-विरारमधून जे जे या नादाला लागले ते सगळे तुझ्या कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटी ऐकूनच लागले. म्हणजे इथल्या सगळ्या गिरणवाल्यांच्या भक्तांना त्या चालीत एक बाई ओरडते हे माहीतच होतं. पाटीलसर तर कित्येक वर्षं समजत होते की ते परदेशी भाषेतलं काहीतरी आहे.

दुकानाबाहेर आल्या आल्या आपण पहिल्यांदा भांडलो. तू म्हणालास पहिली बाजू भारी, मी म्हटलं दुसरी. रिक्षावाले बघत होते. तू विचारलंस, "आडनाव काय?" मी म्हटलं सावंत. "मालवणी? मग बरोबर आहे," म्हणालास, आणि तेव्हापासून जन्मभर मला सावंतीण म्हणत राहिलास. आमच्या ह्यांनी सुद्धा मला कधी एवढ्या हक्काने हाक मारली नाही.

पुढे खरी रेकॉर्ड मिळाली तेव्हा तू केवढ्या थाटात सगळ्यांना बोलावलंस. तुमच्या घरामागची ती फुलं निवडायची पडवी, रविवारी दुपारी रिकामी असायची ती. मोडीत निघालेले मांडवातले दोन मोठे स्पीकर तू आणून लावले होतेस. रेकॉर्ड सुरू झाली, ती जागा आली, आणि गेली. कोणी ओरडलं नाही. आपण सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. तू म्हणालास, "इथे खड्डा आहे." अस्सल माल हातात होता आणि आपल्याला तो अर्धवट वाटत होता. तुझ्या कॅसेटला नंतर बुरशी लागली, आय गेली, आणि खड्डा तसाच राहिला.

पडवीचा नियमही तुझाच. तुमच्यात लग्न ठरलं की चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार नवरानवरीची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. तू म्हणालास, रेकॉर्डलाही तेच. कुठलीही नवी रेकॉर्ड एकदम फडताळात जायची नाही. तीन रविवार ती पूर्ण ऐकायची. तिसऱ्या रविवारी विचारायचं, हरकत आहे का? असेल त्याने उभं राहून कारण सांगायचं. ज्याला रेकॉर्ड हवी त्याने उभं राहून उत्तर द्यायचं. बसून बोललेलं धरायचं नाही. उत्तर पटलं तर रेकॉर्ड फडताळात, नाही पटलं तर पुन्हा पहिल्यापासून तीन रविवार. फादरना कळलं तर काय म्हणतील, असं फिलू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची. ती पडवीत कधी येऊन बसली नाही. चहा खिडकीतूनच द्यायची आणि आपण वेडे आहोत हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं.

त्या नियमाने किती भांडलो आपण! एका रेकॉर्डला तर तू स्वतःच हरकत घेतली होतीस, सगळ्यांना आवडलेली असताना. मला राग यायचा तुझा. पण एक सांगते, आत्ता सांगते, कारण तेव्हा सांगितलं नाही. माझं ऑपरेशन झालं त्या वर्षी घरी येणारा प्रत्येक माणूस माझ्याशी असा बोलायचा की जणू मी काचेची आहे. हळू आवाजात, मान तिरकी करून. तू एक दिवस बिल्डिंगची लिफ्ट बंद असताना खांद्यावर स्पीकर घेऊन जिने चढून आलास, धापा टाकत तो माझ्या पलंगापाशी ठेवलास आणि म्हणालास, "तुझी दुसरी बाजू पुन्हा ऐकली. अजूनही भिकार आहे." शेजारीण दारातून आ वासून बघत होती. मी उठून बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा कोणाच्या आधाराशिवाय उठून बसले, फक्त तुला खोडून काढायला. त्याचे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू म्हणाला असतास, विषय बदलू नकोस.

तर तो अल्बम. गिरणवाले इतकी वर्षं गप्प होते की आपण ते संपले असंच धरलं होतं. दोघंही सत्तरीच्या पुढचे. आणि अचानक नवी रेकॉर्ड. जगभर त्यांच्या लोकांत भाऊबंदकी सुरू झाली. अर्धे म्हणाले, म्हाताऱ्यांनी आता घरी बसावं, यात ना ठोका ना दम. अर्धे म्हणाले, ही त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी. अनोळखी माणसं एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत होती. आपल्या ग्रुपवरही तेच झालं, फक्त शिव्या मराठीत होत्या. आणि मोठ्या कामगिरीवाल्यांच्या बाजूने आपल्याकडे तू एकटा.

पहिल्या रविवारी पडवी भरली होती. दुसऱ्या बाजूवरचं ते लांबलचक गाणं आठव. यंत्रं एकेक करून बंद होत जातात. शेवटी काहीच उरत नाही. दोघांपैकी कोणाच्या तरी खुर्चीची कुरकुर ऐकू येते, बस. बराच वेळ तसंच. नीलेश "लाईट गेली काय?" म्हणाला आणि सगळे हसले. तू उभा राहिलास, तोंडाशी हात धरलेस आणि आयच्या आवाजात, हुबेहूब तिच्या आवाजात ओरडलास, "बस्त्याव, पानी सोड!"

सगळे अजूनच हसले. मी हसले नाही, कारण मी तुझ्या बाजूला बसले होते आणि तुझे डोळे मला दिसत होते. "बघितलंस सावंतीण," तू म्हणालास, "एवढ्या वर्षांनी त्यांनी आयला जागा करून दिली."

"त्यांनी नाही करून दिली," मी म्हटलं. "ते थकले म्हणून थांबले. आय तू घातलीस. हे तुझं ऐकणं आहे, त्यांचं वाजवणं नाही."

"मग गाणं असतं कुठे? त्यांच्या मशिनीत, की माझ्या कानात?"

दुसऱ्या रविवारीही आपण तिथेच अडलो. मी तोंड उघडलं तर तू हात वर केलास. "आत्ता नाही. तिसऱ्या रविवारी उभी राहा. मुद्दे घासूनपुसून आण. बघतोच तुला." मी आठवडाभर मुद्दे घासले, बस्त्याव. माणिकपूरच्या ऑफिसात चहाच्या सुट्टीत एकटी पुटपुटत होते, सोबतच्या बायका हसत होत्या. शनिवारी फिलूचा फोन आला की तुला दवाखान्यात नेलंय, पोटात कळ आली म्हणून. तिसरा रविवार तिथेच बुडाला.

नंतरचे ते महिने मला लिहायचे नाहीत. एक दुपार मात्र लिहिते. नीलेश तुला बघायला आला होता. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला गुच्छ घेऊन, आणि तोही फुलवाल्या माणसासाठी! तू त्या गुलाबांकडे बघून "कालचे आहेत" म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हटलं अजून आहे हा शाबूत. नीलेशने स्टूल ओढलं, मान तिरकी केली आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुम्ही बरोबर होता. अल्बम मस्तच आहे. तुम्ही फक्त बरे व्हा."

 तो गेल्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं दुखतंय. मी नर्सला बोलवायला उठले तर म्हणालास, "बस. संपलो मी. डॉक्टर अजून सांगत नाहीत, नीलेशने सांगितलं."

मग माझ्याकडे वळलास. कसला चिडला होतास! हातात सलाईनची सुई होती तरी हात उगारलास. "त्याला आवडला नव्हता ना? मग नाही आवडला म्हण की! तू तरी भांड. तू गोड बोललीस तर तुझं तोंड बघणार नाही."

मी तिथेच भांडले तुझ्याशी. तो अल्बम आळशी माणसांचा आहे म्हटलं, म्हातारपणाला साधुत्व म्हणून खपवलंय म्हटलं. नर्स धावत आली. "मॅडम, पेशंट आहे तो!" तू तिला म्हणालास, "तुम्ही मधे पडू नका." त्या दिवशी संध्याकाळी तू पेज संपवलीस, असं फिलू म्हणाली. मी मुख्य मुद्दा मात्र काढला नाही. तो तिसऱ्या रविवारचा होता, पडवीतला, उभं राहून मांडायचा. दवाखान्यात पडलेल्या माणसापुढे उभं राहिलं तर त्याला उलट उभं राहता येत नाही, आणि तो नियम होत नाही. मी थांबले. थांबले ते बरोबरच केलं. चूक तुझी आहे, तू थांबायला हवं होतंस.

आता कालचं सांगते. तुला जाऊन महिना झाला म्हणून काल चर्चमध्ये मिस्सा होती.

मिस्सा झाल्यावर सगळे पडवीत जमले. नीलेशने बॅनर केला होता. तोच कोटातला फोटो, खाली "गिरण पोरकी झाली". स्पीकरवर हार. तुझी वेताची खुर्ची पुढे आणून ठेवलेली, आणि त्यात फिलूला बसवलेलं. महिनाभर तिला असंच कुठे ना कुठे बसवतायत. येणारा प्रत्येकजण तिच्या पाठीवरून हात फिरवतो, आणि ती मान हलवते. मी या महिन्यात तिच्या तोंडून धड एक वाक्य ऐकलेलं नाही. एवढी तोंडाळ बाई, पण हूं की चूं नाही.

नीलेश म्हणाला, "दादांचा तिसरा रविवार राहिला होता. आज आपण तो पूर्ण करू. दादांचा अल्बम दादांच्या फडताळात ठेवू." आणि रेकॉर्ड लावली.

सगळ्यांनी डोळे मिटले होते, चर्चमध्ये मिटतात तसे. जे हसले होते ते आता माना डोलवत होते. पाटीलसरांनी रुमाल काढला. ती जागा आली. यंत्रं बंद झाली. खुर्ची कुरकुरली. मी वाट बघितली, बस्त्याव. वेड्यासारखी वाट बघितली. कोणी ओरडलं नाही. तुझ्या मोगऱ्याला कोणी पाणी सोडलंय की नाही, एवढंच माझ्या मनात येत राहिलं. मग यंत्रं पुन्हा सुरू झाली, रेकॉर्ड संपली, आणि नीलेशने ती उचलून दोन्ही हातांत धरली, प्रसाद धरावा तशी.

"कोणाची हरकत?" त्याने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. तो फडताळाकडे वळलाही होता.

मी उभी राहिले. "माझी आहे."

जी शांतता झाली ती त्या अल्बममधल्या शांततेपेक्षा बरी होती. पाटीलसर म्हणाले, "सावंतबाई, अहो आजच्या दिवशी तरी..." नीलेश म्हणाला, "मॅडम, प्लीज. दादांसाठी."

"दादांसाठीच," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं, पण मी तो उतरवला नाही. "तो आजारी पडायच्या आधी त्याला ही रेकॉर्ड आवडली होती. का, ते त्याने याच पडवीत सांगितलं आणि तुम्ही हसलात. आता रडून ती फडताळात सारताय. तुमच्यापैकी कोणाला ती खरंच आवडलीय? कारण आहे कोणाकडे? त्याने मला विचारलं होतं, गाणं मशिनीत असतं की कानात. माझं उत्तर राहिलंय. मशिनीत. मशिनीतलं सगळ्यांना सारखं मिळतं. कानातलं ज्याचं त्याच्याबरोबर जातं. तो त्या जागेत त्याची आई ऐकायचा. तो गेला, ती दुसऱ्यांदा गेली. आत्ता ती जागा आली तेव्हा तिथे काय होतं? एक खुर्ची. बाकी काही नव्हतं. हीच माझी हरकत. आता कोण उत्तर देणार?"

कोणी उभं राहिलं नाही. एकजण नाही. अर्ध्या मिनिटापूर्वी डोळे पुसणारे सगळे जमिनीकडे बघत होते. नीलेशच्या हातात ती रेकॉर्ड तशीच. मी तुला खोडून काढलं होतं, बस्त्याव, तीस वर्षांत पहिल्यांदा पुरतं खोडून काढलं होतं, आणि समोर कोणी नव्हतं.  तुझा एवढा राग आला की तुझी ती खुर्ची उचलून बाहेर फेकावीशी वाटली.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. फिलू उभी राहिली होती.

"मी देते उत्तर," ती म्हणाली. "मला आली ऐकू."

"काय आली?"

"आय आली." फिलूने पदर खोचला. महिनाभर खाली असलेली तिची मान वर झाली होती, आणि ती माझ्यावर खेकसली, बस्त्याव, अगदी पूर्वीसारखी. "तुझं म्हनणं काय बाय, ती एकट्या त्याच्याच कानात होती? सून कोण होती तिची? ती ओरडायची 'बस्त्याव, पानी सोड', आणि हा बसायचा गिरण ऐकत. उठून पानी कोण सोडायचं? मी! रोज मी! तुम्ही सगळ्यांनी ती बाई टेपात ऐकली, मी तिची हाक अंगावर घेतलेय. आत्ता ती जागा आली तर माझे पाय उठायला लागले. आणि तू म्हनतेस खुर्ची!"

पाटीलसरांचा रुमाल तोंडावरच राहिला. नीलेश हळूच म्हणाला, "मग... ठेवू का फडताळात?"

"हात लावशील तर बघ!" फिलूने त्याच्या हातातून रेकॉर्ड घेतली आणि पुन्हा यंत्रावर ठेवली. "हिला पटलंय का विचार आधी. नियम म्हंजे नियम."

सगळे माझ्याकडे बघत होते.  खरं सांगते, एकही मुद्दा शिल्लक नव्हता. आठवडाभर घासूनपुसून आणलेलं सगळं त्या बाईने उभ्याउभ्या झाडून टाकलं होतं. खाली बसले असते तर रेकॉर्ड फडताळात गेली असती, तू जिंकला असतास, लोक उठून वरणभाताला लागले असते आणि फिलूला पुन्हा कोणीतरी हाताला धरून खुर्चीत बसवलं असतं.

मी नाही बसले.

"फिलू," मी म्हटलं, "चूक."

तिचे डोळे बारीक झाले. तिने पदर पुन्हा एकदा घट्ट खोचला.

"उभीच राहा," ती म्हणाली. "चहा टाकून येते, मग सांगते तुला."